शेजारच्या आजोबांनी दिलेल्या 41 कॅसेटी आणि बिशप शीन : काय करू?

मक्याच्या_गावचा

मंडळी, सल्ला हवाय. विषय इथल्या बहुतेकांना लांबचा वाटेल, पण खोकं माझ्या जेवणाच्या टेबलावर पडलंय आणि बायको रोज विचारतेय.

मी इलिनॉयमधल्या पिओरियात राहतो. कॅटरपिलर कंपनीमुळे इथे पुण्या-नाशिकची मंडळी येऊन-जाऊन असतात, त्यातलाच एक. शेजारी एक आजोबा राहायचे, वय 86, निवृत्त टर्नर, बायको गेल्यापासून एकटे. हिवाळ्यात मी त्यांच्या दारातला बर्फ ओढायचो, उन्हाळ्यात ते मला टोमॅटो द्यायचे, एवढाच व्यवहार. गेल्या महिन्यात लेकीने त्यांना वृद्धाश्रमात हलवलं. घर आवरताना त्यांनी मला हाक मारली आणि पुठ्ठ्याचं खोकं हातात दिलं. आत 41 कॅसेटी. सगळ्या एकाच माणसाच्या भाषणांच्या : बिशप फुल्टन शीन. म्हणाले, "तू ऐकून घेतोस. याचं काय करायचं ते तूच ठरव."

ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फुल्टन शीन हा इथलाच, एल पासो नावाच्या गावचा. 8 मे 1895 चा जन्म. बापाचं हार्डवेअरचं दुकान आणि शेती. पोरगं शेतीत कुचकामी, सदा पुस्तकात नाक. एका शेजाऱ्याने बापाला सांगूनही टाकलं होतं की या थोरल्याचं काही खरं नाही. 1919 मध्ये पिओरियात धर्मगुरू झाला, बेल्जियममधल्या लूव्हाँला तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केली, वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात वीसेक वर्षं शिकवलं. 1930 पासून रेडिओवर 'कॅथलिक अवर'. मग फेब्रुवारी 1952 मध्ये टीव्हीवर 'लाइफ इज वर्थ लिव्हिंग' : मंगळवारी रात्री आठ वाजता एक बिशप, एक फळा आणि अर्धा तास बोलणं. नाच नाही, गाणं नाही. समोरच्या चॅनलवर मिल्टन बर्ल, म्हणजे त्या काळचा टीव्हीचा अनभिषिक्त राजा. तरी लोकांनी बिशपला बघितलं. पुढच्याच वर्षी एमी, म्हणजे टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला, तोही ल्युसिल बॉलसारख्या लोकप्रिय टीव्ही कलाकारांना मागे टाकून. स्वीकारताना म्हणाला, माझ्या चार लेखकांचे आभार : मॅथ्यू, मार्क, ल्यूक, जॉन. म्हणजे बायबलातली शुभवर्तमानं लिहिणारे चौघे.

त्याचं पार्थिव आता आमच्या गावातल्या सेंट मेरीज कॅथेड्रलमध्ये आहे. त्याच्या नावाचं छोटं संग्रहालयही इथे आहे. तर प्रश्न दोन. लहान प्रश्न : कॅसेटींचं काय करू? मोठा प्रश्न : बोलण्यावर जगलेल्या माणसाचा वारसा जपायचा म्हणजे नेमकं काय जपायचं?

ता. क. कॅसेटींच्या आतल्या कागदांवर पेन्सिलने आकडे खरडलेत. बहुधा किमती असाव्यात.

खवचट_खापरे

पहिला प्रश्न : टेपरेकॉर्डर आहे का?

मक्याच्या_गावचा

@खवचट_खापरे, जुन्या सामानाच्या दुकानातून 15 डॉलरला एक डेक आणलाय. पट्टा ढिला आहे. बिशप मधूनच पाण्याखाली गेल्यासारखे बोलतात.

बावखल

अरे वा, शीन! मी वसईची. आमच्याकडे हे नाव जुन्या लोकांना चांगलं माहीत आहे. पण टीव्हीमुळे नाही, जपमाळेमुळे.

झालं असं की 1950 ते 66 शीन अमेरिकेतल्या धर्मप्रसार संस्थेचे राष्ट्रीय संचालक होते. जगभरच्या मिशनांसाठी पैसे उभे करायचे हे त्यांचं काम, टीव्हीतून मिळणारे पैसेही तिकडेच जायचे. 1951 मध्ये त्यांनी पाच रंगांची 'वर्ल्ड मिशन रोझरी' काढली. एकेक दशक, म्हणजे दहा मण्यांचा गट, एकेका खंडासाठी : हिरवं आफ्रिकेला, निळं ओशियानियाला, पांढरं युरोपला, लाल अमेरिकेला आणि पिवळं आशियाला. तशी एक माळ माझ्या आजीकडे होती. संध्याकाळी ओटीवर सगळे बसलो की आजी पिवळ्या मण्यांवर आल्यावर आवाज चढवायची. आम्ही विचारलं तर म्हणायची, "हे आपले, दुसरे कोण म्हणणार?" खरं तर ती माळ तयार झाली होती अमेरिकेतल्या कुणीतरी आपल्यासाठी प्रार्थना करावी म्हणून. आजीने ती उलट्या बाजूने धरली होती एवढंच.

तुझ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर मला सुचत नाहीये. छोट्याचं सुचतंय : फेकू नकोस रे बाबा.

उजवीकडे_वळू_नका

सगळे भारावलेत, म्हणून कुणीतरी पाणी ओतायला हवं.

हा माणूस शीतयुद्धातला कम्युनिस्टविरोधी भोंगा होता. आवाज गोड, डोळे भेदक, खांद्यावर झगझगीत केप, आणि दर आठवड्याला मॉस्कोच्या नावाने खडे. मॅकार्थी नावाच्या सिनेटरने जिथे तिथे कम्युनिस्ट शोधायचा सपाटा लावला होता, त्या काळातल्या अमेरिकेला हेच ऐकायचं होतं, म्हणून तो चालला. टीव्ही नवा होता, चॅनल मोजके होते. आज त्याच मजकुराला कुणी हिंग लावून विचारणार नाही. वारसा वगैरे ठीक, पण काय वाजवून दाखवणार आहात त्याचा आधी विचार करा.

गोफण

@उजवीकडे_वळू_नका, स्टालिनची गोष्ट सांगितल्याशिवाय तुमचा प्रतिसाद पुरा होत नाही :) फेब्रुवारी 1953 च्या अखेरच्या एका कार्यक्रमात शीनने शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर'मधला अंत्ययात्रेचा प्रवेश वाचला, नावं बदलून. सीझरच्या जागी स्टालिन, बाकीच्यांच्या जागी त्याचे साथीदार बेरिया, मालेन्कोव्ह, विशिन्स्की. शेवटी म्हणाला की स्टालिनलाही एक दिवस न्यायासमोर उभं राहावंच लागेल. काही दिवसांत स्टालिनला झटका आला आणि 5 मार्चला गेला!

खवचट_खापरे

बोलाफुलाला गाठ. आमच्या ऑफिसात मी दर मार्चमध्ये साहेबांच्या बदलीचं भाकीत करतो. एकदा खरं ठरलं, अजून चहा मिळतोय.

फळा_खडू

मी शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवला. धर्माचं मला फारसं कळत नाही, पण या धाग्यामुळे शीनचे दोन भाग नेटवर पाहिले आणि रात्री झोप लागली नाही.

एक तर फळा. बोलता बोलता लिहितो, मग फळ्यापासून दूर कॅमेऱ्यासमोर येतो. तेवढ्यात चौकटीबाहेर कुणीतरी फळा पुसून ठेवतो. परत जातो तर फळा स्वच्छ. म्हणतो, माझ्या देवदूताने पुसला. बावीस वर्षांत मला असा एक देवदूत मिळाला नाही, उलट डस्टर लपवणारे मात्र चिक्कार. आणि फळ्याच्या वर काय लिहायचा बघा : 'जे एम जे', म्हणजे जीझस, मेरी, जोसेफ. मला एकदम आमचे गुरुजी आठवले. फळ्याच्या माथ्यावर आधी 'श्री', मग वार, तारीख, हजेरी.

दुसरं म्हणजे हातात कागद नाही, समोर सरकणाऱ्या ओळी नाहीत. मी शोधाशोध केली. एका कार्यक्रमासाठी तीसेक तास तयारी करायचे म्हणे. आणि प्रत्यक्ष कार्यक्रमाआधी तेच भाषण फ्रेंच किंवा इटालियनमध्ये कुणाला तरी सांगून बघायचे. का? तर परक्या भाषेत पाठ केलेली वाक्यं साथ देत नाहीत, मुद्दा डोक्यात पक्का असेल तरच बोलता येतं. शेवटची दोन-तीन मिनिटं आधीच बांधलेली असायची. घड्याळात तेवढा वेळ उरला की जिथे असतील तिथून शेवटाकडे वळायचे, त्यामुळे भाषण कधी मध्येच तुटायचं नाही. आम्ही मात्र घंटा झाली की खारे वारे आणि मतलई वारे अर्धवट हवेत सोडून बाहेर.

@उजवीकडे_वळू_नका, मजकुरावर वाद घाला, पण कसब कसब आहे हो.

उजवीकडे_वळू_नका

कसब मान्य. हिटलरलाही बोलता यायचं.

फळा_खडू

आला का हिटलर! तेरावा प्रतिसादही झाला नाही अजून.

आबा_चिपळीवाले

मास्तरांशी सहमत, आणि थोडं पुढे जातो. हे काही परकं नाही. हे कीर्तन आहे. पूर्वरंगात एक सिद्धांत मांडायचा, मग गोष्ट लावायची, मध्ये लोक पेंगायला लागले की विनोद आणि शेवटाला सगळ्यांना उभं करायचं. आमच्या घरात तीन पिढ्या नारदीय कीर्तन आहे, मी ओळखतो. त्याची ती मुलाची गोष्ट ऐकली आहे का? फिलाडेल्फियात भाषणाला जाताना बिशपमहाराज रस्ता चुकतात. एका पोराला टाउन हॉल विचारतात. पोरगा रस्ता सांगतो आणि विचारतो, तिथे काय आहे? "स्वर्गाला कसं जायचं त्यावर माझं भाषण आहे." पोरगा म्हणतो, "तुम्हाला टाउन हॉलचा रस्ता माहीत नाही आणि स्वर्गाचा सांगणार?" स्वतःची फजिती पहिल्यांदा सांगून टाकणारा कीर्तनकार अर्धी सभा तिथेच जिंकतो. गाडगेबाबांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण ऐका, तेही स्वतःला अडाणी म्हणून सुरुवात करतात आणि मग लोकांची एकेक खपली काढतात. काळही तोच, पन्नासचं दशक. एकाच्या हातात खराटा, दुसऱ्याच्या खडू.

आता तुमच्या मोठ्या प्रश्नाबद्दल. कीर्तनकाराचं काय उरतं? माझे आजोबा आसपासच्या तालुक्यांत नाव काढलेले होते. त्यांचा एकही आवाज उरलेला नाही. वीणा आहे, फेटा आहे, फोटो आहे. फोटोला हार घालतो. तेव्हा ज्याच्या 41 कॅसेटी आहेत त्याने संग्रहालयाची काळजी कशाला करावी? वाजवा!

बावखल

आबा, किती छान लिहिलंत. कीर्तनावरून आठवलं, रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलंच होतं की. आणि त्याच्याही आधी 1616 मध्ये फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, तेही ओवीत. म्हणजे लोकांना ऐकायची सवय ज्या चालीची आहे त्या चालीत बोलायचं, ही युक्ती जुनीच. शीनने टीव्हीला ओवी मानलं, इतकंच.

मांडवी_एक्सप्रेस

अवांतर, पण राहवत नाही. मक्याच्या गावच्या भाऊंनी 'पार्थिव आता आमच्या गावात' असं एका ओळीत उरकलं. त्या 'आता'मध्ये केवढं रामायण आहे!

शीन 9 डिसेंबर 1979 ला न्यूयॉर्कमध्ये गेले, स्वतःच्या प्रार्थनाघरात. पुरलं सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये, आर्चबिशपांच्या तळघरात. 2002 मध्ये पिओरियाने त्यांच्या संतपदाचं काम सुरू केलं. 2012 मध्ये ते 'व्हेनरेबल' झाले, म्हणजे संतपदाच्या वाटेवरची एक पायरी चढले. पुढे पार्थिव पिओरियाला हवं झालं, न्यूयॉर्क सोडायला तयार नाही. 2014 मध्ये त्यापायी सगळं काम थांबलं. मग शीनच्या भाचीने कोर्टात अर्ज केला आणि खटला वर-खाली होत तीन वर्षं चालला. शेवटी जून 2019 मध्ये पेटी पिओरियाला गेली.

आम्हा गोंयकारांना यात काही नवल नाही. सांत फ्रान्सिस झेवियरचा उजवा हात 1614 मध्येच रोमला नेला. बाकीचे सायबा जुन्या गोव्यात. दर दहा वर्षांनी दर्शनाला काढतात, माझी आई तीन प्रदर्शनांना जाऊन आली. लोक म्हणतात हाडांत काय आहे? पण रांगेत चार तास उभं राहून आलेल्या माणसाला विचारा. नुसता आवाज पुरत नाही हो, माणसाला जागा लागते, जिथे जाऊन टेकता येतं. आबा, तुमच्या घरातली ती वीणा उद्या कुणी दुसऱ्या गावाला न्यायला आला तर?

आबा_चिपळीवाले

वीणेला कुणी हात लावून दाखवावा.

गोफण

या पार्थिवाच्या गोष्टीत एक खुसखुशीत पोटकथा आहे. त्या तळघरातच न्यूयॉर्कचे त्या वेळचे आर्चबिशप कार्डिनल स्पेलमनही आहेत. आणि शीन-स्पेलमन यांचं हाडवैर. कारण काय, तर दुधाची भुकटी! चरित्रांत येतं ते असं : सरकारकडून फुकट मिळालेलं दूध स्पेलमननी मिशनांसाठी दिलं आणि मग शीनच्या संस्थेकडे त्याचे पैसे मागितले. शीन म्हणाले, फुकट मिळालेल्या दुधाचे गरिबांच्या पैशातून दाम मोजणार नाही. प्रकरण थेट पोप बारावे पायस यांच्यापर्यंत गेलं आणि निकाल शीनच्या बाजूने लागला. पण कार्डिनलशी वैर घेऊन न्यूयॉर्कमध्ये कोण टिकतो? पूर्वी जिथे त्यांच्या भाषणाला गर्दी उसळायची तिथली आमंत्रणं आटली. 1966 मध्ये रॉचेस्टरला बिशप म्हणून रवानगी.

आणि मग 1979 पासून 2019 पर्यंत दोघं एकाच तळघरात.

खवचट_खापरे

चाळीस वर्षं भाऊबंदकी शेजारी! पिओरियाला नेल्यावर सुटला बिचारा.

उजवीकडे_वळू_नका

दुधाची गोष्ट माहीत नव्हती, आवडली. पण रॉचेस्टरचं पुढचं कुणी सांगत नाहीये. तिथे त्यांनी एक चर्च परस्पर सरकारला देऊ केलं, गरिबांची घरं बांधायला. पॅरिशला, म्हणजे त्या चर्चच्या लोकांना विचारलंच नाही. लोक रस्त्यावर आले, निर्णय मागे घ्यावा लागला. तीन वर्षांत राजीनामा. म्हणजे लाखो लोकांशी बोलणाऱ्या माणसाला गल्लीतल्या चारशे लोकांशी बोलता आलं नाही.

शिवाय लुई ब्यूडेन्झ. 'डेली वर्कर' या कम्युनिस्ट वृत्तपत्राचा संपादक, शीनच्या नादाने 1945 मध्ये कम्युनिस्ट पक्ष सोडून चर्चमध्ये परतला. सगळे याची टाळ्या पिटून गोष्ट सांगतात. पुढे तोच ब्यूडेन्झ जुन्या साथीदारांविरुद्ध साक्षी देत फिरला, हे कोण सांगणार?

बावखल

रॉचेस्टरचं खरं आहे. पण तिथेच 1967 मध्ये शीननी अमेरिकेने व्हिएतनाममधून बाहेर पडावं असं जाहीर मागणं केलं. कम्युनिस्टविरोधी भोंग्याने! त्या वेळी अमेरिकेतले बहुतेक बिशप गप्प होते. तुमच्या चौकटीत हे बसवून दाखवा.

उजवीकडे_वळू_नका

हम्म. नाही बसत. एक गुण तुम्हाला.

नवी_सून_जुनं_घर

मला एक विचारायचंय, रागवू नका. अमेरिकेतून मिशनांसाठी पैसे म्हणजे इकडे धर्मांतरासाठीच ना?

संपादक मंडळ

हा विषय दुसऱ्या धाग्यावर 600 प्रतिसाद खाऊन बसला आहे. कृपया तिथेच. इथे शीन आणि कॅसेटी.

बावखल

संपादकांचा मान राखून दोनच ओळी. मिशन संडेला, म्हणजे मिशनांसाठी वर्गणी काढायच्या रविवारी, आमच्या देवळातही थाळी फिरते, आणि ते पैसेही आफ्रिकेत कुठेतरी जातात. आम्ही पिवळ्या मण्यातले असलो तरी नुसते घेणारे नाही.

@मांडवी_एक्सप्रेस, संतपदाच्या उशिराबद्दल म्हणाल तर आमचा गोन्सालो गार्सिया बघा. वसईचा. 1597 मध्ये नागासाकीला क्रूसावर मारला, 1627 मध्ये धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, संत केव्हा? 1862! शीनना तर अजून पन्नास वर्षंही झाली नाहीत.

मांडवी_एक्सप्रेस

तेही आहे. शीनचा धन्यवादित करण्याचा सोहळा 21 डिसेंबर 2019 ला पिओरियात ठरलाच होता. मांडवाची तयारी सुरू झाली आणि जेमतेम तीन आठवडे आधी रोमने पुढे ढकलला. रॉचेस्टर धर्मप्रांताचं म्हणणं होतं की शीन तिथे बिशप असताना धर्मगुरूंच्या नेमणुका कशा हाताळल्या गेल्या हे अजून नीट तपासावं. पिओरियाचं म्हणणं, आम्ही तपासलंय, गैर काही नाही. पाहुण्यांनी तिकिटं काढली होती. तेव्हा त्या गावात काय वाटलं असेल, भाऊ?

मक्याच्या_गावचा

मी तेव्हा नवीनच होतो. ऑफिसात कँटीनवाली बाई दोन दिवस बोलत नव्हती, एवढं आठवतंय. पण माझं मत विचाराल तर तपासणी मागणं काही वाईट नाही. धर्मगुरूंकडून लहान मुलांवर झालेल्या अत्याचारांबाबत चर्चने आधी न विचारल्यामुळेच इतकं भोगलंय लोकांनी. एखाद्याला पूजायच्या आधी प्रश्न विचारावेत, नंतर विचारून फारसा उपयोग नसतो.

गेल्या रविवारी कॅथेड्रलमध्ये जाऊन आलो. शीन आठ वर्षांचा असताना तिथेच मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या वेळी सेवा करत होता. हातून वाइनची काचेची झारी पडली, फुटली. बिशप स्पाल्डिंग समोर. पोराची वाचा बसली. मिस्सेनंतर बिशपने जवळ बोलावलं आणि रागवायचं सोडून सांगितलं की तू पुढे लूव्हाँला शिकायला जाशील, आणि एक दिवस माझ्यासारखा होशील. दोन्ही खरं झालं. आता ज्या फरशीवर झारी फुटली त्याच देवळात संगमरवरी कबर. मी उभा होतो तेव्हा एक मेक्सिकन कुटुंब होतं, त्यांच्यातला लहान मुलगा कबरीच्या कडेवरून बोट फिरवत होता आणि आई त्याला दटावत होती. त्या क्षणी मांडवीभाऊंचं म्हणणं पटलं. जागा लागते.

घरी येऊन टेप लावली आणि आबांचं पटलं. त्यामुळे मी होतो तिथेच आहे.

चुंबकीय_फीत

तुम्ही सगळे तत्त्वज्ञान करताय आणि तिकडे हा माणूस ढिल्या पट्ट्याच्या डेकवर चाळीस वर्षांच्या टेपा वाजवतोय! थांबा!! आकाशवाणीवर उभी हयात गेली माझी, ऐका.

पहिल्यांदा डेकचा पट्टा बदला. हेड आणि रबरी रोलर कापसाच्या बोळ्याने, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोळा तपकिरी यायचा थांबेपर्यंत. प्रत्येक कॅसेट वाजवायच्या आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, वर्षानुवर्षं पडून फीत एकमेकीला चिकटलेली असते. आतमध्ये तांब्याच्या पट्टीवर छोटा फेल्टचा तुकडा असतो तो बघा. गोंद वाळून तो गळतो आणि मग आवाज बसका येतो, लोक समजतात फीत गेली. तसं असेल तर फीत दुसऱ्या चांगल्या, स्क्रूवाल्या कॅसेटमध्ये हलवा. डेक संगणकाला जोडून ऑडॅसिटीवर डब्ल्यूएव्हीमध्ये घ्या, एमपी 3 नंतर. आणि आवाज 'स्वच्छ' करण्याच्या मोहात पडू नका, खरखर राहू द्या. मूळ फायलीला हात लावायचा नाही.

हे करून झाल्याशिवाय वारशाबद्दल एक अक्षर बोलू नका.

खवचट_खापरे

आणि पेन्सिल जवळ ठेवा. नव्या पिढीला कॅसेट आणि पेन्सिलचा संबंध सांगायला वेगळा धागा काढावा लागेल.

फळा_खडू

हक्कांचंही बघा. टेपा कुणी काढल्या, विकत घेतलेल्या की घरी मुद्रित केलेल्या, यावर नेटवर चढवता येतील की नाही ते ठरेल. संग्रहालयाला विचारलंत का?

मक्याच्या_गावचा

विचारलं. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. बऱ्याचशा टेपा छापील लेबलांच्या आहेत, धर्मगुरूंच्या शिबिरांतली भाषणं वगैरे, त्या त्यांच्याकडे आहेतच. घरी मुद्रित केलेल्या सातेक आहेत. त्या बघू म्हणाल्या.

उजवीकडे_वळू_नका

म्हणजे छोट्या प्रश्नाचं उत्तर : 34 कॅसेटींची कुणालाच गरज नाही.

देशी_लसूण

धागा उशिरा वाचला. शीनबद्दल काही माहीत नव्हतं. पण फादर दिब्रिटो गेले, 25 जुलै 2024, त्यानंतर मी हाच प्रश्न स्वतःला विचारला होता. मी काही ख्रिस्ती नाही. ते संपादक असलेल्या 'सुवार्ता'चे अंक आमच्या वाचनालयात यायचे म्हणून वाचायला लागलो. उस्मानाबादच्या 93व्या संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा काहींनी धर्मगुरू म्हणून विरोध केला, इतरांनी धर्मगुरू म्हणूनच डोक्यावर घेतलं. मला वाटतं अशा माणसांची खरी कसोटी आपल्या माणसांपुढे बोलताना नसते. जे आपले नाहीत ते कशासाठी थांबून ऐकतात, ते बघावं. शीनचंही तसंच असावं, त्याचे प्रेक्षक काही सगळे कॅथलिक नव्हते. मक्याच्या गावचे, तुमच्या आजोबांनी कॅसेटी स्वतःच्या लेकीला किंवा चर्चला का नाही दिल्या? तुम्हाला का दिल्या?

मक्याच्या_गावचा

@देशी_लसूण, तुमच्या या प्रश्नाने पंधरा दिवस डोकं खाल्लं. शेवटी काल वृद्धाश्रमात जाऊन आलो, टोमॅटो घेऊन. या वेळी माझे.

मी म्हटलं, तुमच्या चर्चला देऊ का? ते हसायलाच लागले. म्हणाले, "माझ्या चर्चला? मी ल्युथरन आहे."

ल्युथरन म्हणजे प्रोटेस्टंट, शीनच्या कॅथलिक चर्चचे नव्हेतच. मंडळी, शेजारी राहून मला पत्ता नव्हता! घरात जर्मन बायबल, रविवारी कोट घालून बाहेर पडायचे, मी धरूनच चाललो होतो. म्हणाले, लहानपणी त्यांच्या घरी मंगळवारी शीन लागायचा आणि बाप टीव्हीशी भांडायचा. मोठा आवाज करून. आई म्हणायची, इतका राग येतो तर बंद कर. बाप म्हणायचा, बंद केला तर उत्तर कुणाला देऊ? बाप गेला. मग यांनी कॅसेटी जमवायला सुरुवात केली. कारखान्यातून आल्यावर तळघरात लेथवर काहीतरी खुडबुड करत ऐकायचे. आणि भांडायचे.

ते पेन्सिलचे आकडे किमती नाहीत. टेपच्या काउंटरचे आहेत, म्हणजे फीत कुठवर आली ते दाखवणारे. घरी येऊन कागद उलगडले तर आकड्यांसमोर बारीक अक्षर. '214 : चूक.' '300 : मेरीबद्दल नेहमीचंच.' '347 : हा मुद्दा पाद्रींना विचारायचा.' एका कागदावर '122 : चूक' खोडून पुढे 'परत ऐकलं. बरोबर असेल.' एकावर नुसतं '88 : हसलो.' 41 पैकी 29 कागदांवर असं आहे.

संग्रहालयाच्या बाईंना फोनवर सांगितलं तर त्या दोन क्षण गप्प. मग म्हणाल्या, सगळं खोकं आणा.

बावखल

अंगावर काटा आला.

उजवीकडे_वळू_नका

आजोबांना माझा नमस्कार सांगा. आणि 214 ला काय आहे ते ऐकून इथे टाका, माझी सही आहे खाली.

आबा_चिपळीवाले

कीर्तनकाराला असा एक तरी श्रोता मिळावा.

मक्याच्या_गावचा

ऐकायला बसलो, पण घोळ आहे. माझ्या डेकवर 214 ला शीन नुसता घोटभर पाणी पितोय. 300 ला टाळ्या. @चुंबकीय_फीत, काय भानगड?

चुंबकीय_फीत

भानगड नाही, तसंच असतं. कॅसेटचा काउंटर सेकंद मोजत नाही, रिळाचे फेरे मोजतो, आणि तेही प्रत्येक कंपनीचा डेक वेगळ्या हिशोबाने. तुमचे 214 आणि त्यांचे 214 यांचा काही संबंध नाही. गणित मांडता येईल, पण त्यासाठी एकाच टेपवरच्या दोन खुणा पक्क्या माहीत हव्यात. 'हसलो'वाली टेप घ्या, विनोद शोधणं सोपं. पण एका खुणेवर भागणार नाही.

सरळ रस्ता एकच. त्यांचा मूळ डेक कुठाय?

मक्याच्या_गावचा

लेकीच्या गॅरेजमध्ये. शनिवारी बोलावलंय.

चुंबकीय_फीत

पट्टा घेऊन जा. आणि वाजवायच्या आधी काउंटर शून्यावर आणायला विसरू नका.